हवा चांगली आहे, रात्रीचे काय?

निवृत्ती जवळ आली की आमच्या दवाखान्यात एक विषय हमखास निघतो. रक्तदाब पाहून झाला, चिठ्ठी लिहून झाली, की खुर्चीवरून उठता उठता विचारणा होते, ‘‘डॉक्टर, भगूरला जागा पाहिली आहे. तिकडची हवा कशी आहे?’’ भगूरऐवजी कधी देवळाली कॅम्प असते, कधी ओझर, सिन्नर, घोटी, इगतपुरी, त्र्यंबक. विचारणारे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले असतात, ओझरच्या विमान कारखान्यातले असतात, बँकेतले असतात, शिक्षक असतात. अलीकडे मुंबईकरांचीही भर पडली आहे. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे आमणेपर्यंत खुला झाला आणि ठाणे-कल्याणच्या मंडळींना इगतपुरी एकदम उशाशी आल्यासारखी वाटू लागली.

लोकांना शहर नकोसे व्हावे यात नवल नाही. १९८२ साली नाशिक आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका, सातपूर आणि आजूबाजूची खेडी मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १४ लाख ८६ हजारांवर गेली होती. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ज्या शहरांसाठी राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्या यादीत नाशिकचे नाव आहे. द्वारकेच्या चौकात स्कूटरवर दहा मिनिटे अडकलेल्या माणसाला हे कळायला यादीची गरज नाही म्हणा! तेव्हा ‘शहर सोडून चार पावले बाहेर जाऊ’ हा विचार शहाणपणाचाच आहे. माझे म्हणणे एवढेच, की साठीच्या माणसाने गाव निवडताना हवेला पहिला नंबर देऊ नये. तिसरा किंवा चौथा द्यावा.

चांगल्या हवेवरचा आपला विश्वास जुना आहे आणि त्याला कारणही आहे. क्षयावर औषध नव्हते तेव्हा डॉक्टरच्या हाती हवापालट, दूध, अंडी आणि विश्रांती याखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. आपल्या देवळाली कॅम्पला पारशी, गुजराथी मंडळींनी बंगले आणि आरोग्यभवने बांधली ती या हवेच्या भरवशावर. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र बदलले. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच ठेवले आणि दोघांनाही वर्षभर तीच औषधे दिली. घरच्यांना विश्रांती कमी, सकस आहार कमी, मोकळी हवा तर नाहीच. तरीही वर्षअखेर दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे निघाले! जगभरची सॅनेटोरियमे ओस पडण्याला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला.

गाव लहान म्हणून रोग वाट चुकतो असेही नाही. प्लेगच्या साथीत १८९९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत गेले ते भगूरसारख्या छोट्या गावातच.

याचा अर्थ हवेला किंमत नाही असा कोणी घेऊ नये. दमेकऱ्याला आणि हृदयरुग्णाला धूर जितका कमी तितके बरे. पण प्लॉट पाहायला आपण जातो तो बहुधा डिसेंबरातला रविवार असतो. सोबत एजंट असतो, ऊन कोवळे असते आणि परत येताना हुरडा खाल्लेला असतो. या हवेवर लाखो रुपयांचा निर्णय होतो. इगतपुरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, नाशिकचा सातशेच्या आसपास. आषाढ-श्रावणात तिकडे कपाटातल्या कपड्यांना वास येतो, भिंतीला बुरशी धरते. ज्याचा दमा या बुरशीने उठतो त्याला धूळ-धूर चुकवून तिथे नेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. सांधे धरलेल्या आजीबाई चार महिने घराबाहेर पडत नाहीत. उलट सिन्नरकडची हवा कोरडी आणि दमेकऱ्याला मानवणारी, पण उन्हाळ्यात पाण्याचे काय, हे तिथल्या शेजारणीला विचारावे. एजंटाला विचारू नये.

ओझर, दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या बांधाला लागून नवे प्लॉट पडले आहेत. खिडकीतून बाग दिसते, मन प्रसन्न होते. ऑक्टोबरची छाटणी झाली की मात्र भुरी-डावणीसाठी फवारण्या सुरू होतात आणि घड तयार होईपर्यंत चालतात. ढगाळ हवा पडली किंवा अवकाळी पाऊस झाला की जास्तच. ज्यांची श्वासनलिका आधीच हळवी आहे त्यांना याचा त्रास होतो, डोळे चुरचुरतात, खोकला हटत नाही. यात बागायतदाराचा दोष नाही. बाग हे त्याचे पोट आहे आणि तो तुमच्या आधीपासून तिथे आहे. आपण दोन-तीन शेते सोडून आत, वस्तीत घर घ्यावे, झाले.

आता मूळ मुद्दा. साठीनंतर ज्या दुखण्यांत जीव जातो किंवा माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, त्यांतली बरीचशी घड्याळावर चालणारी आहेत. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तास-दोन तासांत मिळाले तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग. उशीर होईल तसा तो घटत जातो आणि बारा तासांनंतर जवळजवळ उरत नाही. लकव्यात अशा इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. त्यातही आधी सीटी स्कॅन व्हावाच लागतो. लकवा गुठळीने झाला आहे की मेंदूत रक्तस्राव झाला आहे हे बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्रावात ते इंजेक्शन दिले तर माणूस हातचा जातो. साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. हिशेब मांडून पाहा. पहाटे चारला हात जड पडला. ‘अवघडला असेल’ म्हणून सहा वाजेपर्यंत चोळण्यात गेले. मग पुण्याच्या मुलाला फोन, मुलाचा शेजाऱ्यांना फोन, गाडी, गावातला डॉक्टर, तिथून शहर. शिवाय सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले, तर घड्याळ रात्री शेवटचे धडधाकट पाहिले तेव्हापासून मोजावे लागते. शहरातसुद्धा ही वेळ हुकते. पण शहरात ती आपल्या उशिराने हुकते, दूर गावात रस्त्यानेही हुकते.

म्हणून मी विचारणाऱ्यांना एक काम सांगतो. ज्या गावी जायचे आहे तिथल्या सरकारी रुग्णालयात दिवसाउजेडी जाऊन नम्रपणे विचारा, की रात्री ईसीजी निघतो का, गुठळीचे इंजेक्शन ठेवलेले असते का, सापाची लस आहे का. कोणी रागावत नाही. सर्वांत जवळचा रात्री चालू असणारा सीटी स्कॅन कुठे आहे तेही शोधून ठेवा. मग एकदा खरोखर रात्री दोन वाजता गाडी काढा आणि नव्या घरापासून त्या दारापर्यंत घड्याळ लावून जाऊन या. १०८ ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण ती यायची आणि परत जायची, अशी दोन्हीकडची वेळ धरायला हवी. मोहदरीचा घाट रात्री किती वेळ घेतो, वाटेत रेल्वेचे फाटक लागते का, हे नकाशावर दिसत नाही. त्र्यंबकला घर घेणाऱ्यांनी तर तिसऱ्या श्रावणी सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीच्या दिवशी, तो रस्ता एकदा पाहावाच. सिंहस्थ तर समोर आलाच आहे.

घराच्या दारातही थोडे मोजमाप करावे. नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये चार माणसे उभी राहतात, स्ट्रेचर आडवे जात नाही. जिन्याच्या वळणावर तेही अडते. बिल्डरला ‘स्ट्रेचर वळते का?’ असे विचारले की तो आपल्याकडे अपशकुनी माणसासारखा पाहतो. पाहू दे.

माझी स्वतःची मोजपट्टी अशी: घराच्या उंबऱ्यापासून चांगल्या इस्पितळाच्या दारापर्यंत रात्री पाऊण तास, त्याहून अधिक नको. देवळाली कॅम्प, भगूर, ओझर यात बसतात. सिन्नर रस्ता मोकळा असेल तर बसते. ज्याला एकदा स्टेंट बसलेला आहे, ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस आहे, ज्याला पूर्वी एकदा लकवा होऊन गेला आहे, त्याने इगतपुरी-त्र्यंबकचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. धडधाकट पंचावन्न वर्षांच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे अजून वेळ आहे.

दुसरी गोष्ट पायांची. गावाला गेल्यावर चालणे वाढेल अशी सर्वांची कल्पना असते. वाढतेच असे नाही. वस्तीपासून दोन किलोमीटरवर बंगला घेतला की दूध, भाजी, औषध, दाढीचे ब्लेड, सगळ्यासाठी स्कूटर काढावी लागते. पहाटेचे फिरणेही वाटते तितके सोपे नाही. दारणाकाठच्या गावांत २०२० साली बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, हे आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. उसाच्या कडेने अंधारात एकट्याने फिरायला जाणे हा व्यायाम नव्हे. उजाडू द्यावे, जोडीदार घ्यावा, हातात काठी असावी. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून नव्या वस्तीत खाटेवर, मच्छरदाणीत झोपावे.

यापेक्षा भर पेठेतला दोन खोल्यांचा तळमजला चांगला. दिसायला तो बंगल्यापुढे अगदीच फिका. पण माणूस दिवसातून चारदा बाहेर पडतो. कोथिंबीर आणायला एकदा, टपालाला एकदा, देवळात एकदा, उगाच एकदा. गुडघे चालते राहतात, साखर आटोक्यात राहते. आणि एखाद्या सकाळी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तर समोरचा दुकानदार हाक मारतो. हे शेवटचे मी सर्वांत मोलाचे समजतो. एकटी म्हातारी माणसे घरात पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि तासन्तास कोणाला पत्ता लागत नाही. मग निमोनिया, मग पाठीला जखमा. दिवस-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर तीच व्यक्ती पुन्हा काठी घेऊन चालते.

देवळालीचे नाव इंग्रजी भाषेत कसे गेले आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला. मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. एकोणिसाव्या शतकात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत आणून ठेवत आणि विलायतेच्या जहाजाची वाट पाहायला लावत. जहाजे हिवाळ्यातल्या ठरावीक महिन्यांतच सुटत. त्यामुळे ज्याची मुदत अवेळी संपली त्याला तिथे महिनोन्‌महिने काढावे लागत. हवा उत्तम, जेवण सरकारी, काम काहीच नाही. माणसे दारूला लागली, भांडू लागली, भ्रमिष्ट झाली. हिवतापही होता, ते खरे. पण रिकामपणाचा वाटा मोठा होता. हल्लीच्या कॅम्पला या दंतकथेशी काही देणेघेणे नाही. मी ती सांगतो ती नुकत्याच निवृत्त झालेल्यांना. अठ्ठावन्नव्या वर्षापर्यंत ज्याने रोज सायरनवर हजेरी लावली त्याला अनोळखी गावात, कोणी ओळखत नसताना, नुसते झाडांना पाणी घालून दिवस ढकलायचे असतील तर सहा महिन्यांत झोप जाते, भूक जाते, संध्याकाळी छातीत धडधडते. मग ते ‘हार्ट’ दाखवायला येतात. ईसीजी स्वच्छ निघतो. तेव्हा जाण्याआधी तिथले वाचनालय, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, एखाद्या शाळेत गणित शिकवणे, काहीतरी ठरवून जावे. जे आपल्या मूळ गावी परत जातात त्यांचे बरे असते. त्यांना नावाने हाक मारणारे, आणि भांडायलाही, चार जण तिथे तयार असतात.

एक प्रश्न मात्र नवरा-बायको दोघांसमोर विचारायला मलाही जड जाते, पण विचारतो. दोघांपैकी एक आधी जाणार. मागे राहील ते माणूस त्या घरात एकटे राहू शकेल का? बंगल्याचा हट्ट बहुधा पुरुषाचा असतो. झाडलोट, पाण्याची मोटर आणि दर शनिवारी हवा खायला येणारे पाहुणे हे बाईच्या वाट्याला येतात. तिला स्कूटर येत नाही, बँकेचे व्यवहार कधी केलेले नाहीत, जवळची मैत्रीण सिडकोत राहिली. अशा बाईंना तिथे नेऊन ठेवण्यापूर्वी त्यांचे मत विचारावे, आणि त्या ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणाल्या तर ते मत समजू नये. आमच्याही घरी सध्या हा विषय चालू आहे. माझी नजर भगूरवर आहे. सौ. म्हणतात, ‘‘पेठेत असेल तर बघू, शेतात असेल तर तुम्ही एकटे जा.’’ वैद्यकीयदृष्ट्या त्यांचे बरोबर आहे!

वयाचेही पाहावे. साठीत जाणारा माणूस नव्या गावात रुळतो, ओळखी करतो. पंचाहत्तरीनंतर मुलांच्या सोयीने आई-वडिलांना उचलून दुसरीकडे नेणे मला पसंत नाही. विशेषतः ज्यांना विसरायला होऊ लागले आहे त्यांना तर शक्यतो हलवू नये. जुन्या घरात संडास कुठे, देवघर कुठे, हे त्यांच्या पायांना पाठ असते. नव्या घरात ते रात्री उठतात, दार शोधत राहतात, पडतात किंवा बाहेर निघून जातात. मुले म्हणतात, ‘‘तिकडे गेल्यावर बाबा एकदम बिघडले.’’ बाबा आधीच बिघडू लागलेले असतात. जुन्या घराने ते झाकून ठेवलेले असते.

ज्यांचे जायचे पक्के झाले आहे त्यांनी एजंटाच्या आधी तिथला डॉक्टर गाठावा. मोठ्या पदव्यांचा नको. रात्री दार उघडणारा आणि ‘हे माझ्या हातात नाही, शहरात न्या’ हे पहिल्या दहा मिनिटांत सांगणारा हवा. असा डॉक्टर छोट्या गावात अजून मिळतो. तो तुमच्या सुनेचेही नाव लक्षात ठेवतो. शहरात आम्ही आता फाइलचा नंबर विचारू लागलो आहोत. त्याच्याकडे जाताना जुने कागद न्या, आणि बरे असतानाचा एक ईसीजी त्यात जरूर ठेवा. छातीत दुखू लागेल त्या रात्री नव्या ईसीजीशेजारी जुना ठेवला, तर कोणता बदल आजचा आहे हे डॉक्टरला पटकन कळते. शंभर-दोनशे रुपयांचा हा कागद आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी औषधाच्या दुकानात फ्रिज आहे का आणि वीज गेल्यावर तो चालतो का, हे विचारून घ्यावे.

आणि विकत घेण्याआधी वर्षभर भाड्याने राहावे. माझा हा सल्ला सर्वांना आवडतो, पण ऐकत कोणी नाही. कारण ‘भाव वाढतील’. यंदा मात्र एका जोडप्याने ऐकला. ते माझे जुने रुग्ण. त्यांना मधुमेह, बाईंना दमा. ओझरला नातेवाइकांजवळ घर घ्यायचे चालले होते. आषाढात ते दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला गेले, नाशिकचे घर कुलूप लावून तसेच ठेवले. पावसाळा बाईंना चांगला गेला, पंप दोनदाच लागला. साहेबांनी रात्रीची फेरीही मारून पाहिली, जिल्हा रुग्णालयापर्यंत पस्तीस मिनिटे लागली असे फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले. सौदा अजून केलेला नाही. आता छाटण्या होतील, फवारण्या सुरू होतील. त्या दिवसांत बाईंच्या पंपाचा हिशेब वहीत लिहून संक्रांतीनंतर मला दाखवायला यायचे, असे आमचे ठरले आहे.